आभासी राउटरसमोरची परीक्षा
सिस्को कंपनीच्या सीसीएनए या संगणक-जाळ्यांविषयीच्या १२० मिनिटांच्या परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नांबरोबर सिम्युलेशनचे, म्हणजे पडद्यावरील आभासी राउटरला वा स्विचला प्रत्यक्ष आज्ञा देऊन सोडवायचे प्रश्नही येतात आणि पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परतता येत नसल्याने तेथे नुसते पाठांतर तारत नाही. सिस्कोच्याच ‘पॅकेट ट्रेसर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये छोटे जाळे उभारून, ते मुद्दाम बिघडवून पुन्हा दुरुस्त करण्याचा सराव, पोरखेळ वाटला तरी, अधिक उपयोगी पडतो. केलेला प्रत्येक बदल ‘शो’ने सुरू होणाऱ्या आज्ञांनी पडताळावा लागतो, शिवाय चालू मांडणी तात्पुरत्या स्मृतीत राहत असल्याने, ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ या आज्ञेने ती कायम स्मृतीत न साठवल्यास यंत्र पुन्हा सुरू होताच ती पुसली जाते.