कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? मदरबोर्ड बदलण्याआधी प्रोसेसरचं तापमान बघा

जून महिना आणि राजूरमधलं एखादं ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांना हीच जवळची बाजारपेठ, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयही इथलंच. दाखले, शिष्यवृत्ती, वसतिगृह प्रवेश, सगळ्यासाठी लोक इथे येतात. अर्धा फॉर्म भरून होतो, फोटो अपलोड व्हायला लागतो आणि स्क्रीन काळी. पुन्हा चालू केलं, दहा मिनिटांनी पुन्हा बंद. समोरच्या माणसाची गावाकडे जाणारी एसटी सुटायची वेळ झालेली. आणि मेकॅनिक फोनवरच सांगून टाकतो, "मदरबोर्ड गेला असेल."

गेला असेलही. पण बऱ्याचदा गेलेला नसतो, प्रोसेसर तापलेला असतो.

एवढा तापतो तरी का?

साधा डेस्कटॉप प्रोसेसर ६५ वॅटच्या आसपास वीज खातो आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. आकडा छोटा वाटतो. पण ही उष्णता नखाएवढ्या चिपमधून बाहेर पडते. १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ हाताच्या पंजाएवढा असतो, म्हणजे जागेच्या हिशोबाने प्रोसेसर इस्त्रीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता टाकतो. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात तर ती वाहून न्यायला पाणी वापरलंय.

आपल्याकडे हे काम हवेवर चालतं. चिपची उष्णता थर्मल पेस्टमधून धातूच्या हीटसिंकमध्ये जाते, तिथून पंख्याच्या वाऱ्याने कॅबिनेटमध्ये आणि मग खोलीत. ही वाट कुठे अडली, एवढंच शोधायचं असतं. ती अडली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो (आपण म्हणतो 'पीसी हँग होतोय') आणि तरीही भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीन बंद करतो. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

खोलीचाही हिशोब धरा. एखादा प्रोसेसर काम करताना खोलीपेक्षा ४० अंशांनी गरम राहत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ६५ वर असतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत तोच ८० वर जातो. मशीन तेच, बिघाड काहीच नाही.

आधी मोजा, मग उघडा

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. त्यासाठी 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यूमॉनिटर' ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. तेवढा वेळ मशीन टिकतच नसेल तर चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा, बहुतेक मशीनमध्ये तिथे तापमान दिसतं. काहीही काम नसताना ३५ ते ५० अंश ठीक. बायोसमध्ये नुसतं बसूनही आकडा ९० कडे पळत असेल, तर पंखा बंद आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही.

आता आपल्याकडची लाडकी युक्ती: कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावणे. उपाय म्हणून वाईट, कारण धूळ आणखी आत जाते. पण तपासणी म्हणून उत्तम! झाकण काढल्यावर तापमान बरंच उतरलं, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये. ते टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटून असेल, बाहेर काढा. आकडा जेमतेम हलला, तर दोष प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे आहे.

साफ करताना प्लग काढा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून घ्या. धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते, पण खरी जमते पंख्याखाली, हीटसिंकच्या फटींत. म्हणून पंखा सोडवून बघा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरमसाट फिरून खराब होऊ शकतो. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरला बहुधा चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. त्यातली एक जरी सुटली तरी हीटसिंक तिरका होतो आणि तापमान उडी मारतं. चारही हलवून बघा, या तपासणीला शून्य रुपये लागतात.

पिना घट्ट आहेत, तर पेस्ट वाळलेली असू शकते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन लावा, मटारच्या छोट्या दाण्याएवढी पुरते. रील्समध्ये दिसणारी टूथपेस्ट नको, ती लवकर वाळते आणि त्रास परत सुरू होतो. एएमडीच्या जुन्या एएम-४ मशीनमध्ये कूलर सरळ वर ओढू नका, वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन थोडा वेळ चालवून बंद करा आणि कोमट असतानाच कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवत काढा.

सगळं करूनही बंद पडतोय आणि त्या वेळी तापमान ६०-६५ च आहे? मग उष्णतेचा पिच्छा सोडा आणि दुसरा एसएमपीएस लावून बघा. मदरबोर्डचा नंबर त्यानंतर.