परड्यातली खोली : आठ बाय दहात काय मावतं?

गेल्या खेपेला आपण बचतीच्या वहीबद्दल बोललो. आज खोलीबद्दल बोलू. घरामागच्या परड्यात, गोठ्याशेजारी, नाहीतर दोन घरांमधल्या बोळात उरलेल्या तुकड्यात बांधायची छोटी खोली. शिलाईसाठी, पापडासाठी, मसाल्यासाठी, किंवा नुसती बायकांना दार लावून बसता यावं म्हणून.

हा विषय का निघाला, ते आधी सांगतो. आमच्या गटातली एक मैत्रीण आठ वर्षं ओसरीत मशीन चालवत होती. पाहुणे आले की मशीन उचला, श्रावणात पोथी लागली की मशीन उचला, दिराचं लग्न ठरलं तेव्हा तर महिनाभर मशीन माळ्यावर. हातात काम होतं, गिऱ्हाईक होतं, पण जागा तिची नव्हती. शेवटी तिनं गटातून कर्ज काढायचं ठरवलं आणि आम्ही सगळ्याजणी टेप घेऊन तिच्या परड्यात गेलो. तिथं आमच्या ज्या चुका झाल्या, त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हे बोलणं.

पहिली चूक मापाची. परड्यात दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद असा तुकडा मोकळा होता. आम्ही खुश. गवंडी म्हणाला, आठ बाय दहाची खोली होईल. झाली. पण आत टेप लावला तर भरलं साडेसहा बाय साडेआठ. बाकीची जागा गेली कुठं? भिंतीत. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी दीड फूट खाते. ऐंशी चौरस फुटांतले आत राहिले पंचावन्न. हीच भिंत साडेचार इंची घेतली असती तर आत सदुसष्ट मिळाले असते. बारा चौरस फुटांचा फरक. बारा चौरस फूट म्हणजे एक शिलाई मशीन आणि तिच्यामागे बसणारी बाई. एक अख्खी बाई आम्ही भिंतीत चिणली, असं आम्ही नंतर हसत म्हणायचो, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

म्हणून गवंड्याशी बोलताना नेहमी ‘आतलं माप’ बोला. जागा तंग असेल तर साडेचार इंची भिंत चालते, मात्र ती उघडी-बोडकी उभी करू नका. कोपऱ्यांत नऊ इंची खांब घ्या आणि दारा-खिडकीच्या वर चारी बाजूंनी सळईचा काँक्रीट पट्टा फिरवा. पट्ट्याला पैसे जातात म्हणून तो गाळायचा मोह होतो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आपल्या सासवांना विचारा. कोयनेच्या भूकंपानं हा सगळा जिल्हा हलला होता.

आता आत किती माणसं मावतात, हा हिशेब. जपानात खोली फुटांत न मोजता चटयांत मोजायची जुनी रीत आहे. एक चटई साधारण सहा फूट बाय तीन फूट, म्हणजे एका माणसाच्या अंथरुणाएवढी. त्यांची चहापानाची नेहमीची खोली साडेचार चटयांची असते, म्हणजे जवळपास नऊ बाय नऊ. आपल्या परड्यातल्या तुकड्याएवढीच की! आपल्याकडंही वाड्याची खोली फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. माजघर इतक्या खणांचं, सोपा इतक्या खणांचा. सांगायचं असं की माप माणसाच्या आणि कामाच्या अंगानं घ्यायचं. मांडी घालून बसलेल्या बाईला अडीच फूट बाय अडीच फूट धरा. पापड लाटायचा असेल तर पुढ्यात पोळपाट आणि बाजूला परात, म्हणजे आणखी तेवढंच. दहाजणींच्या नुसत्या बैठकीला साठ-बासष्ट चौरस फूट पुरतात. दहाजणींना लाटायला मात्र पुरत नाहीत, तिथं पाचजणी बसतील. बैठकीची खोली आणि कामाची खोली एकच हवी असेल तर कामाच्या मापानं बांधा.

दाराचं तर आम्ही फारच हसं करून घेतलं. स्वस्तात मिळाली म्हणून अडीच फुटांची चौकट बसवली. नंतर त्या मैत्रिणीनं शेजारच्या गटाबरोबर मिरची कांडप यंत्र आणायचं ठरवलं, आणि ते यंत्र दारातून आत जाईना. चौकट काढली, यंत्र आत घेतलं, चौकट परत बसवली. गवंड्याची मजुरी दोनदा गेली. तेव्हा आधी यंत्राची रुंदी विचारा, मग दार ठरवा. तीन फुटांखाली जाऊ नका. आणि लहान खोलीचं दार बाहेर उघडणारं ठेवा. आत उघडणारं दार आपल्या फिरण्यापुरती जागा कायमची अडवून बसतं, तिथं साधी पाटीही ठेवता येत नाही. बाहेर पावसाचा मारा असेल तर दारावर दोन फुटांची पडवी काढा, म्हणजे चपलांचीही सोय होते.

उजेड आणि वारा हा सगळ्यात मोठा भाग, त्यावर जरा थांबू. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहिला असेल. सहलीला जातो, घाटावर बसतो, वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा बघतो आणि परत येतो. पुढच्या वेळी वाड्यात जरा वेगळ्या नजरेनं उभ्या राहा. एवढा मोठा वाडा, पण आत अंधार कोंडलेला नाही, कारण मधे चौक सोडलेत. सहा चौक आहेत त्या वाड्यात. आपल्याला सहा नकोत, पण परड्यात खोली बांधताना घर आणि खोली यांच्यामध्ये निदान चार फुटांची उघडी पट्टी सोडा. ती पट्टी वाचवायचा मोह होतोच. ‘भिंतीला भिंत लावली की एक भिंत वाचते,’ असं गवंडी सांगतो. वाचते खरी, पण स्वयंपाकघराची मागची खिडकी कायमची बंद होते आणि सासूबाई दिवसा दिवा लावून भाकऱ्या करतात. मग खोलीवरचा राग निघतो तो खोलीत बसणाऱ्या सुनेवर.

खिडकी कुठं ठेवायची? शिलाईचं काम असेल तर उत्तरेला. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, कापडावर ऊन पडत नाही, सुईत दोरा ओवताना डोळे दिपत नाहीत. पश्चिमेला मोठी खिडकी नको. आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपत येतो, आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊनही तिकडूनच आत घुसतं. वाईच्या पश्चिमेला, धोम-जोरकडच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. भुईंजकडच्या मैत्रिणींना पावसाची भीती कमी, पण उन्हाची आहेच. मसाला-मिरचीचं काम असेल तर एक खिडकी पुरणार नाही. समोरासमोरच्या भिंतींत दोन झरोके हवेत, एक खाली आणि एक छपराजवळ उंच. गरम हवा आणि मिरचीचा खाट वरच्या झरोक्यातून जातो, खालून ताजी हवा येते. खिडकीला पैसे कमी पडले तर विटांची जाळी सोडा. केरळात घरं बांधणारे लॉरी बेकर अशा जाळ्यांसाठी प्रसिद्ध होते. वारा येतो, चोर येत नाही, आणि आत काय चाललंय ते बोळातून जाणाऱ्याला दिसत नाही. उंदीर-पाली नकोत म्हणून आतून बारीक तारेची जाळी मात्र ठोका. खायच्या वस्तू करून विकायच्या असतील तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, आणि तिथं ही स्वच्छतेची बाब येतेच.

छपराबद्दल लोक भिंतीपेक्षा कमी विचार करतात. वाई साधारण अठरा अंश उत्तरेला आहे. त्यामुळं मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात खोली तापते ती भिंतींपेक्षा छपरामुळं. नुसता पत्रा टाकला तर दुपारी बारा ते चार खोली बंद ठेवावी लागेल, आणि तेच तर आपले कामाचे तास, घरची भांडी-धुणी उरकल्यानंतरचे. कौलं घातली तर थंडावा चांगला, पण उतार जास्त लागतो, लाकूड लागतं आणि माकडांचा त्रास. वाईत माकडांबद्दल आम्ही काय वेगळं सांगणार! आमचं मत पत्र्याचंच, पण पत्र्याखाली एक वीतभर पोकळी सोडून बांबूची चटई ताणून बसवा आणि पत्र्यावर दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला चुन्याचा पांढरा हात द्या. खोलीत बसवतं. पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवतात ते नको. हूक मारून घट्ट करा. आठ फुटांच्या रुंदीला मागची भिंत साडेआठ फूट आणि पुढची सात फूट ठेवली की उतार पुरेसा मिळतो.

आणि उतार कुणाकडं? आपल्याच अंगणाकडं. इथं आमच्याकडून झालेली चूक चुकीपेक्षा मोठी होती. त्या मैत्रिणीच्या खोलीचा उतार आम्ही बोळाकडं काढला, बोळापलीकडं चुलत घराण्यातल्या काकींची मातीची भिंत. पत्रा वळचणीसकट दहा बाय बारा फुटांचा, म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. पन्नास मिलिमीटरच्या पावसात त्या एवढ्याशा छपरावरून साडेपाचशे लिटर पाणी त्या मातीच्या भिंतीच्या पायाशी पडलं. जुलैच्या मध्याला भिंतीला पोट आलं. काकी बोलल्या नाहीत काही. फक्त त्या संक्रांतीला त्यांनी हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. पुढं आम्ही पन्हळ बसवून पाणी आपल्या बाजूला वळवलं, भिंतीच्या डागडुजीला गटातल्या चौघी जाऊन हात लावून आलो, आणि बोलणं सुरू झालं. पण एक वर्ष गेलं.

शेजारच्या खिडकीचंही बघा. १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. वीस वर्षं उघडपणे, कुणी न अडवता एखाद्या घराला एखाद्या खिडकीतून उजेड-वारा मिळत असेल तर तो हक्क बनू शकतो. तुमच्या खोलीनं तो बुजवला तर भांडण कोर्टात जाऊ शकतं. आधी शेजारणीला परड्यात बोलवा, दोरी लावून दाखवा, चहा द्या.

काही जागी तर बांधूच नका. शोषखड्ड्यावर आणि संडासाच्या टाकीच्या झाकणावर नको. घरामागं डोंगराची उतरण असेल तर जागा वाढवायला मागची दरड कापू नका. जुलै २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यात कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड कोसळली, ते आपण विसरलेलो नाही. अशा ठिकाणी खोली लहान करा, नाहीतर घराच्या पुढच्या बाजूला काढा.

सामान मात्र भिंतीवर चढवा. जुन्या घरांत कोनाडे, खुंट्या, फडताळं, माळे का असायचे ते लहान खोलीत राहिल्यावर कळतं. छपराच्या उंच बाजूला दीड फूट रुंदीची फळी आडवी टाकली की डबे, पोती, कापडाचे गठ्ठे वर जातात. कापायचं टेबल भिंतीला बिजागरीनं लावा, काम झालं की खाली पाडा. हात धुण्याची छोटी मोरी दाराबाहेर काढा, आणि त्या पाण्यावर अळू लावा. परड्यातला कढीपत्ता आणि शेवगा तोडू नका, खोली एक फूट सरकवा.

आता कागदाचं. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीला आधी अर्ज द्या, वाई शहरात असाल तर नगरपरिषदेला. शेतजमिनीवर बांधायचं असेल तर नियम वेगळे, तलाठ्याकडं विचारा. खोली झाली की ती ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर चढवून घ्या. तलाठ्याकडचा आठ-अ तो वेगळा, तो शेतीच्या खात्याचा. आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर तुमचंही नाव लागू शकतं. कर्ज तुमच्या गटाचं, हप्ता तुमच्या शिलाईतून, आणि उतारा एकट्या त्यांच्या नावावर, असं होऊ देऊ नका. आमच्या मैत्रिणीच्या घरी हा विषय निघाल्यावर दोन दिवस चूल शांत होती. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, ‘लाव गं नाव, माझं कुठं लागलं होतं?’

एक अडचणीची गोष्ट सांगू का? सगळ्यांनाच खोली लागत नाही. काम नवं असेल तर तीन महिने ओसरीत, गोठ्याच्या कोपऱ्यात करून बघा. गिऱ्हाईक टिकलं तर मग कर्ज काढा. आधी खोली आणि मग काम, अशा दोन खोल्यांत आज आमच्या माहितीत वैरण भरलीय.

आणि ज्यांनी बांधायचं ठरवलंय त्यांनी गवंड्याला बोलवायच्या आधी एवढं करा. परड्यात रांगोळीनं खोलीची बाहेरची रेघ ओढा, मग भिंतीची जाडी सोडून आतली रेघ. दार कुठं, तिथं रेघ मोकळी ठेवा. आत खाट, मशीन, परात खरोखरच्या नेऊन ठेवा आणि मैत्रिणींना बसवा. सकाळी ऊन कुठं येतं, दुपारी कुठं जातं, धुणं वाळत घालायला वाट उरते का, म्हैस गोठ्यात वळते का, ते आठ दिवस बघा. रेघ पुसून परत ओढायला काही लागत नाही. आमच्या मैत्रिणीनं दुसऱ्या खोलीच्या वेळी, म्हणजे कांडप यंत्रासाठी खोली वाढवताना, रेघ चारदा हलवली. चौथ्यांदा सासूबाईंनी स्वतः काठी घेऊन दाखवली.

पुढच्या बैठकीला येताना परड्याचं माप कागदावर काढून आणा, उत्तर कुठं आहे तेही लिहा. लांब टेप आमच्याकडं आहे, ज्यांना हवा त्यांनी आदल्या दिवशी घेऊन जावा.