वृद्ध श्वानाचे सांधे आणि आजोबांची गोळी

घरात वृद्ध माणूस असले म्हणजे त्याच्या गुडघेदुखीची वार्ता साऱ्या कुटुंबास असते. सून तेलाची वाटी कोमट करून आणते, नातू हात धरून उठवितो. त्याच घराच्या ओसरीवर दहा-बारा वर्षे राखण केलेला कुत्राही म्हातारा झालेला असतो. परंतु त्याच्या गुडघ्यांची चौकशी कोणी करीत नाही, कारण तो कण्हत नाही. आमच्या मुरगुडात, वेदगंगेकाठच्या मळ्यांत काय किंवा गावातील घरांत काय, 'आता वय झाले, पडून राहतो' एवढे म्हणून त्याच्या दुःखाची बोळवण होते.

वस्तुतः पडून राहणे हे पुष्कळदा वार्धक्य नसून दुखणे असते. सकाळी उठताना अंग आखडणे, पायरीपाशी घुटमळणे, एकच सांधा सारखा चाटणे, पाठीमागून हात लावताच गुरगुरणे, ही त्याची लक्षणे होत. हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते ते झिजते, सांध्यास सूज येते आणि प्रत्येक पाऊल जड होते. लॅब्राडोर व अल्सेशियन या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पुष्कळ आढळतो. मात्र प्रत्येक लंगडणे झिजेमुळेच असते असे नव्हे. आपल्याकडे गोचिडांपासून होणाऱ्या तापातही सांधे सुजतात, आणि त्याचा उपचार अगदी निराळा असतो. म्हणून निदान प्रथम, औषध नंतर.

धर्मराजाने श्वानास टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारले, ही महाभारतातील कथा आपण मुलांस आवडीने सांगतो. आपल्या घरांतही दयेस तोटा नाही. परंतु ज्ञानावाचून केलेली दया घातक होते, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख आहे. कुत्रा लंगडताना पाहून कोणी सहृदय माणूस आजोबांच्या डब्यातील वेदनाशामक गोळी पोळीत घालून त्यास देतो. गोळी माणसास चालते, मग मुक्या जिवास का चालू नये, असा हा विचार.

न चालण्याचे कारण शरीरधर्मात आहे. नाप्रोक्सेन नावाच्या औषधाचे मनुष्याच्या रक्तातील प्रमाण सुमारे अर्ध्या दिवसात निम्मे होते. कुत्र्याच्या रक्तात त्यासच सुमारे तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी दिली की विष साठत जाते. आयबुप्रोफेनने त्याच्या जठरास व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलची मात्रा चुकली तर यकृत बिघडते. मांजरास तर एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

एका जिवाचे औषध दुसऱ्याचे विष कसे होते, याचा मोठा धडा आपल्या देशाने गिधाडांच्या रूपाने घेतला आहे. गुरांस वेदनेसाठी डायक्लोफिनॅक देत. त्यांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंडे बिघडून मेली. हे कारण २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. त्याच्या जागी जे सुचविले गेले ते मेलॉक्सिकॅम गिधाडांस निर्धोक ठरले.

हेच मेलॉक्सिकॅम, तसेच कार्प्रोफेन, ही कुत्र्यांच्या सांधेदुखीवर वापरली जाणारी मान्य औषधे आहेत. परंतु येथेही मात्रेचा विवेक हवा. दहा किलो वजनाच्या कुत्र्यास मेलॉक्सिकॅमची नित्याची मात्रा सुमारे १ मिलिग्रॅम; माणसाची नेहमीची लहान गोळी ७.५ मिलिग्रॅमची. एक गोळी म्हणजे सातपटीहून अधिक! म्हणून औषध पशुवैद्याने वजन पाहून ठरवावे, अन्नाबरोबर द्यावे, आणि दीर्घकाळ द्यावयाचे असल्यास यकृत व मूत्रपिंडे यांसाठी रक्त अधूनमधून तपासून घ्यावे. अशी दोन औषधे एकत्र, किंवा त्यांच्या जोडीस स्टेरॉइड, कदापि देऊ नये. ओकारी, अन्नावरील वासना जाणे अथवा डांबरासारखी काळी विष्ठा दिसताच औषध थांबवून तत्काळ वैद्य गाठावा.

औषधाइतकेच महत्त्व आहाराचे आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकास दुसऱ्याहून पाव हिस्सा अन्न कमी देण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कमी खाणारे श्वान जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांच्या सांध्यांची झीजही उशिरा झाली. एकत्र कुटुंबात तर आजी भाकरी टाकते, काकू पोळी टाकते, मुले बिस्किटे टाकतात, आणि कोणी किती टाकले याचा हिशोब कोणाकडेच नसतो! तेव्हा खाऊ घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे. गुळगुळीत फरशीवर त्याच्या वाटेत गोणपाट अंथरावे, थंडीत अंथरूण उबदार असावे, आणि एकदाच दूर दौडविण्यापेक्षा रोज दोन वेळा थोडे फिरवावे.

कुत्र्याचे वय कोणासही परत देता येणार नाही. दुखणे मात्र पुष्कळ हलके करता येते. त्यासाठी आजोबांचा डबा फळीवर उंच ठेवावा, आणि कुत्र्यास पशुवैद्याकडे न्यावे.