डोहाळजेवणाला बाळाच्या नावाचं झबलं द्यायचंय? पण नाव अजून ठरलंय कुठं!

डोहाळजेवणाचं कुठलंही रील उघडा. फुलांचे दागिने घातलेली होणारी आई, हातात धनुष्यबाण, मागे फुग्यांची कमान, आणि समोरच्या टेबलावर बाळासाठी खास बनवून घेतलेले इवलेसे कपडे. पुण्या-मुंबईत सुरू झालेलं हे प्रकरण आता बारामती-इंदापूरच्या कार्यालयांतही पोचलंय. मैत्रिणीचं, वहिनीचं डोहाळजेवण ठरलं की प्रश्न पडतोच, बाळासाठी आपण काय बनवून द्यायचं?

आयडिया भारी आहे, फक्त ती जशीच्या तशी उचलली की गडबड होते. अमेरिकेतल्या बेबी शॉवरला बऱ्याचदा मुलगा की मुलगी हे आधीच माहीत असतं, नावही ठरलेलं असतं. त्यामुळे नाव छापलं, गुलाबी किंवा निळा रंग घेतला की काम झालं. आपल्याकडे डोहाळजेवण बहुतेक सातव्या महिन्यात होतं आणि नाव ठेवलं जातं बारशाला, म्हणजे जन्मानंतर साधारण बाराव्या दिवशी. आणि मुलगा की मुलगी, हे आधी कळणं तर कायद्यानेच बंद आहे.

या कायद्याबद्दल थोडं बोलायला पाहिजे. गर्भलिंग निदानाविरोधात देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. त्यानंतर १९९४ मध्ये देशभरासाठी केंद्राचा कायदा आला. त्यानुसार गर्भाचं लिंग शब्दांनी, खुणेने किंवा दुसऱ्या कोणत्याही प्रकारे सांगता येत नाही. गर्भलिंग तपासून घ्यायला जाणाऱ्या नातेवाइकालाही पहिल्या गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इतकं कडक का, याचं उत्तर आकड्यात आहे. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, २०११ मध्ये त्या ८९४ वर आल्या. २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या एका यूट्यूबरने परदेशात तपासणी करून बाळाचं लिंग व्हिडिओतून जाहीर केलं, तेव्हा तिथल्या आरोग्य विभागाने त्याला नोटीस पाठवली होती.

डोहाळजेवणातला पेढा की बर्फीचा खेळ हा नुसता अंदाज असतो, त्यात कुणालाच काही माहीत नसतं. पण आहेरावर 'राजकुमार येतोय' असं छापायचं म्हणजे आपली इच्छा त्या बाईच्या डोक्यावर ठेवायची. पाहुण्यांनी तरी ते करू नये. आणि गुलाबी मुलींचा, निळा मुलांचा हे काही आदिकाळापासून चालत आलेलं नाही. १९१८ साली अमेरिकेतल्या कपडे व्यापाराच्या एका मासिकाने नेमका उलटा सल्ला दिला होता, मुलांना गुलाबी आणि मुलींना निळा.

मग नाव नाही, लिंग नाही, तर कपडा 'खास' कसा होणार? याचं उत्तर आपल्याकडे जुनं आहे. त्याला बाळंतविडा म्हणतात.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची असं सगळं माहेरकडून तयार व्हायचं, त्यात बाळंतिणीसाठीही काही ना काही असायचं. आजी शिवणार, मावशी विणणार, आत्या आपल्या परीने भर घालणार. कुंचीला खणाचं कापड, दुपट्याला आईच्या जुन्या साडीचा काठ. कुणाचंही नाव न घालता कपडा कुणाच्या घरातला आहे ते कळायचं. म्हणून माझं मत विचाराल तर, होणाऱ्या आईच्या आईची किंवा आजीची मऊ पडलेली सुती साडी मिळवा आणि त्याचं दुपटं करा. छापील टी-शर्टपेक्षा ते कधीही जास्त 'पर्सनलाइज्ड' आहे.

इथे घरातली मोठी माणसं एक हरकत घेऊ शकतात. बाळ यायच्या आधी बाळाचे नवे कपडे आणायचे नाहीत, असं अनेक घरांत मानतात. हसण्यावारी नेऊ नका. १९७१ मध्ये भारतात दर हजार जन्मांमागे १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती, २०२० मध्ये हा आकडा २८ होता. ज्या पिढीने ते दिवस बघितलेत, तिची भीती कुठून येते ते समजू शकतं. अशा घरी जुन्या साडीचं दुपटं चालून जातं, कारण ते 'नवं' नसतंच. बाळाला आधी जुन्या धोतराचे, लुगड्याचे तुकडे वापरायची पद्धतही सोयीचीच होती. अनेकदा धुतलेल्या कापडातली खळ आणि सुटा रंग आधीच निघून गेलेला असतो. नवं कापड घेतलं तर तेच काम आपल्याला करावं लागतं, शिवायच्या आधी दोनदा धुवायचं. त्याने कापड आटायचं तेवढं आधीच आटतं.

आता मापाचं. बाळाचं वजन साधारण पाच महिन्यांत जन्माच्या दुप्पट होतं, त्यामुळे नवजात मापाचा कपडा काही आठवड्यांचाच सोबती. तीन ते सहा महिन्यांचं माप धरा आणि त्या वेळी ऋतू कोणता असेल ते मोजा. डोहाळजेवण फेब्रुवारीत असेल तर बाळ एप्रिलच्या आसपास येणार. इंदापूरच्या उन्हाळ्यात लोकरीचं टोपडं काय करायचं? मलमल किंवा मऊ सुती कापडाचं, बिनबाह्यांचं, पुढून उघडणारं झबलं द्या. शिवता येत नसेल तर शिवणारं माणूस शोधायला लांब जायला नको. बारामती एमआयडीसीतल्या टेक्स्टाइल पार्कात कितीतरी बायका तयार कपडे शिवण्याचं काम करतात, आणि गावोगावी घरात मशीन आहेच.

शिवणाऱ्या ताईंना मात्र काही गोष्टी आधी सांगा. जाड शिवण आतून नको, ती बाळाच्या अंगाला घासते. मोती, टिकल्या, शोभेची बटणं नकोत, सुटली की थेट तोंडात जातात. गळ्याशी लांब बंद नकोत. युरोपच्या सुरक्षा नियमांत सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्यापाशी आणि टोपीला ओढायची दोरी चालतच नाही. आपल्या टोपड्याचे हनुवटीखालचे बंदही बाळ झोपलं की सोडलेले बरे.

छपाई करणार असाल तर आणखी एक. सब्लिमेशनची रंगीत छपाई पॉलिस्टरवरच नीट बसते. म्हणजे दुकानदार 'सब्लिमेशन, पण शंभर टक्के कॉटन' म्हणत असेल तर एक तरी गोष्ट खोटी आहे. सुती कपड्यावर व्हिनाइल किंवा डीटीएफ लावतात, तो शेवटी प्लॅस्टिकसारखा थर. छातीभर लावला तर हवा खेळत नाही, कोपऱ्यात छोटासा ठीक. मशीन भरतकामात मागचा कागद टोचतो, म्हणून आतून मऊ अस्तर लावून घ्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कपाटातली आहे. डोहाळजेवण ते बाळाचा जन्म, यात दोन महिने जातात. कपडे पेटीत जातात आणि पेटीत डांबरगोळ्या. या गोळ्यांत बऱ्याचदा नॅप्थलीन असतं. काही बाळांच्या शरीरात जी६पीडी नावाचं एंझाइम जन्मतःच कमी असतं. हे एंझाइम तांबड्या पेशींना सांभाळतं. ते कमी असलेल्या बाळाला नॅप्थलीनचा वास लागलेले कपडे घातले, तर तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. कावीळ फार वाढली तर मेंदूला इजा होऊ शकते. आपल्या बाळात ही कमतरता आहे का, हे रक्ततपासणीशिवाय कळत नाही. म्हणून आहेराच्या पिशवीवरच लिहून द्या, 'डांबरगोळी ठेवू नका'. स्वच्छ धुवून, कडकडीत वाळवून, सुती पिशवीत बांधून ठेवलं तरी पुरतं. मोठ्या भावंडांची कुंची पेटीतून काढली आणि तिला हा वास येत असेल, तर ती नवजात बाळाला घालू नका.

राहिलं नाव. त्यासाठी दुपट्याच्या एका कोपऱ्यात दहा सेंटिमीटर जागा मोकळी सोडा आणि बारसं झालं की कपडा परत मागून घ्या. हाताने भरणार असाल तर आधी शिरोरेषा सरळ घाला, अक्षरं तिला टांगलेली बसतात. वर वेलांटीला आणि खाली उकाराला जागा ठेवा. मशीनवर देणार असाल तर नाव फोनवर सांगू नका. मराठी फॉन्ट नीट नसला की 'श्रेया'चा श्र फुटतो, 'कृष्णा'चा ष्ण वेगळा पडतो. मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा, आणि सुई चालायच्या आधी स्क्रीनवरचा नमुना मागवून बाळाच्या आईला दाखवा.