विलायतेत शेत स्वस्त, घराची परवानगी महाग

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक मुस्लिम कुटुंबांचे कोणी ना कोणी ब्रिटनमध्ये स्थायिक आहे. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या बाहेर मोकळ्या रानात थोडी जमीन घ्यावी आणि दोघा भावांनी मिळून घर बांधावे, असा बेत मग घराघरांत होतो. दलाल नकाशा पुढे करतो. शेताच्या तुकड्याचा भाव बांधकामाच्या प्लॉटच्या मानाने फारच कमी सांगतो. "परवानगी आज ना उद्या येईलच," असेही म्हणतो. व्यापाऱ्याने इथेच थांबून हिशेब करावा.

इंग्लंडमध्ये 1947 च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याने जमीन मालकाकडेच ठेवली, पण तिच्यावर बांधायचे तर परवानगी घेणे सक्तीचे केले. पुढे 1955 मध्ये मंत्री डंकन सँडिस यांनी, शहरे पसरत जाऊन एकमेकांना भिडू नयेत म्हणून, त्यांच्याभोवती मोकळा पट्टा राखण्यास कौन्सिलांना सांगितले. हाच ग्रीन बेल्ट. आज इंग्लंडची 12 ते 13 टक्के जमीन त्यात मोडते. तिथले शेत स्वस्त असते ते विकणाऱ्याच्या मेहेरबानीने नव्हे. तिथे घर बांधता येत नाही, म्हणून ते स्वस्त असते.

वाटा कोणत्या?

अशा जमिनीवर नवे घर सहसा नामंजूर होते. अर्जदाराला अतिविशेष कारण सिद्ध करावे लागते. कुटुंब मोठे आहे, एवढे कारण सहसा पुरत नाही. तरी काही वाटा खुल्या आहेत. जुने घर पाडून त्याच जागी दुसरे बांधता येते, मात्र ते पहिल्यापेक्षा फारसे मोठे नसावे. गावातल्या घरांच्या ओळीत मध्येच रिकामी जागा असेल तर विचार होतो. शेतीचे जुने कोठार घरात बदलण्याची रीत 2014 पासून सोपी झाली. पण कोठार मुळात भक्कम हवे आणि कौन्सिलची संमती हवीच. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने 'ग्रे बेल्ट' हा नवा प्रकार आणला. पट्ट्यातील आधी बांधकाम झालेली किंवा कमी उपयोगाची जमीन त्यात येते. तिथेही अटी आहेत आणि निर्णय कौन्सिलच घेते.

लपवून बांधले तर?

सरे परगण्यातील एका शेतकऱ्याने 2002 च्या सुमारास गवताच्या गठ्ठ्यांआड किल्ल्यासारखे घर उभे केले. चार वर्षे कोणी हरकत घेतली नाही तर बांधकाम कायम होते, असा तेव्हाचा नियम होता. म्हणून 2006 मध्ये त्याने गठ्ठे हटवले. गठ्ठे हटवणे हा बांधकामाचाच भाग, म्हणजे चार वर्षे भरलीच नाहीत, असा निर्णय झाला. 2010 मध्ये उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि 2016 मध्ये घर पाडावे लागले. एप्रिल 2024 पासून इंग्लंडमध्ये ही मुदत दहा वर्षांची झाली आहे.

पैसा केव्हा द्यावा?

आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, तिथे अर्ज करायला जमीन आपल्या नावावर असावी लागत नाही. मालकाला रीतसर नोटीस दिली की पुरे. म्हणून 'परवानगी मिळाली तरच खरेदी' असा करार वकिलाकडून करून घ्यावा. आधी फी भरून कौन्सिलचा सल्ला घेता येतो. एका घराच्या अर्जाचा निकाल साधारण आठ आठवड्यांत अपेक्षित असतो. नामंजुरीवर सहा महिन्यांत अपील करता येते. परवानगी माणसाला नसते, जमिनीला असते. मात्र तीन वर्षांत काम सुरू झाले नाही तर ती सहसा रद्द होते.

शेताचे लहान लहान तुकडे पाडून ते परदेशातल्या लोकांनाही विकण्याचा धंदा तिकडे बराच चालला. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने त्याबद्दल इशारे दिले आणि न्यायालयाने अशा काही कंपन्या बंद केल्या. पण तुकडा घेणाऱ्यांपैकी अनेकांची पुंजी अडकली ती अडकलीच.

तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण माल उचलत नाही. मग आयुष्यभराची कमाई घालताना कौन्सिलचा कागद आधी मागावा आणि इसार नंतर द्यावा. भाऊ तिकडे असेल तर त्यालाही हेच कळवावे.