समजून घ्या : धावपट्टीवरचा थोडासा बर्फही छोट्या विमानाला का भारी पडतो?

६ फेब्रुवारी १९५८. म्युनिकच्या रीम विमानतळावर मँचेस्टर युनायटेडच्या फुटबॉल संघाला घेऊन निघालेल्या विमानाचा उड्डाणाचा हा तिसरा प्रयत्न. एअरस्पीड अँबॅसेडर हे दोन इंजिनांचे, आजच्या हिशेबाने लहानच विमान. वेग ११७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २१७ किलोमीटरवर गेला आणि मग चक्क घसरू लागला. १०५ नॉटवर आला. विमान कुंपण तोडून एका घरावर आदळले. ४४ पैकी २३ जणांचा जीव गेला.

वेग कमी का झाला?

कारण होते स्लश, म्हणजे अर्धवट वितळलेला बर्फ. गोळ्याच्या तळाशी उरतो तसा. चाकांना तो रेटत पुढे जावे लागते. वेग दुप्पट झाला की हा अडथळा साधारण चौपट होतो. उड्डाणाचा वेग गाठायला धावपट्टी अपुरी पडते आणि थांबायचे म्हटले तर ब्रेकही नीट लागत नाहीत.

जर्मन चौकशीने मात्र पंखांवरच्या बर्फाकडे बोट दाखवले आणि कॅप्टन जेम्स थेन यांच्यावर ठपका ठेवला. ब्रिटिश चौकशीने १९६९ मध्ये त्यांना दोषमुक्त केले. तोवर नोकरी गेली होती.

मग पंखांवरचा बर्फ चालतो?

अजिबात नाही. सँडपेपरइतका खरखरीत थर पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत घटवतो आणि हवेचा विरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढवतो. ‘वेग घेतला की उडून जाईल’ हा जुगार आहे. भुसभुशीत बर्फाखाली चिकटलेला थर असू शकतो. अमेरिकेत काही छोट्या व्यावसायिक विमानांना पंखावरचे गोठलेले दव घासून गुळगुळीत केले तरी उडता येत असे! ही मुभा २०१० मध्ये बंद झाली.

छोट्या विमानांना धोका जास्त का?

जेटमध्ये इंजिनाच्या गरम हवेने पंख तापवता येतात. अनेक छोट्या विमानांत तशी सोय नसते. चाकेही लहान, ती बर्फात लवकर रुततात. चाकांवरच्या आवरणात बर्फ साचून गोठला, तर उतरताना ब्रेक जाम होण्याची भीती. त्यामुळे हिवाळ्यात काही वैमानिक ही आवरणेच काढून ठेवतात.

नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत धावपट्टीच्या प्रत्येक तिसऱ्या हिश्श्याला ० ते ६ असा अंक मिळतो. ६ म्हणजे कोरडी. पण आडबाजूच्या छोट्या धावपट्टीवर अंक द्यायला कोणी नसेल, तर वैमानिकालाच बूट चढवून बर्फाची खोली बघून यावी लागते.