घरच्या कॉम्प्युटरवरचे रिपोर्ट खरंच खाजगी आहेत का?

“डॉक्टर, रिपोर्ट मेलवर नको, कागदावरच द्या. घरचा कॉम्प्युटर सगळेच वापरतात.” एचआयव्ही, मानसिक आजार किंवा वंध्यत्वावर उपचार घेणारे रुग्ण असं सांगतात तेव्हा त्यांची काळजी रास्त असते. एचआयव्हीची माहिती उघड करायला २०१७ च्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे तुमची संमती लागते. पण घरातल्या कॉम्प्युटरला कुलूप तुम्हालाच लावावं लागतं.

कॉम्प्युटर सुरू करताना पासवर्ड लागतो, म्हणजे फाइल सुरक्षित, हा मोठा गैरसमज आहे. तो पासवर्ड दारावरच्या रखवालदारासारखा. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की रखवालदार बाजूलाच राहतो आणि फाइल उघडतात. दुरुस्तीच्या दुकानात हे काम काही मिनिटांचं असतं.

खरा उपाय एन्क्रिप्शनचा. त्यात डिस्कवरचा मजकूरच चावीशिवाय वाचता येत नाही. विंडोज प्रोमध्ये ‘बिटलॉकर’, होम आवृत्तीच्या अनेक मशीनवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आणि मॅकवर ‘फाइलव्हॉल्ट’ ही सोय आधीपासून असते. बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकी असते. ती कागदावर लिहून कॉम्प्युटरपासून दूर ठेवा. पासवर्ड चालेनासा झाला आणि ही कीदेखील सापडली नाही, तर तुमचे रिपोर्ट तुम्हालाही मिळणार नाहीत.

मात्र तुम्ही लॉगिन करून चहा ठेवायला उठलात, तर समोर बसणाऱ्याला सगळं उघडंच आहे. उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबा, स्क्रीन लॉक होते. मशीन सामाईक असेल तर वेगळं अकाउंटही पुरत नाही, कारण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर इतरांच्या फाइल उघडू शकतो. अशा वेळी रिपोर्टचा फोल्डर सेव्हन-झिपसारख्या मोफत प्रोग्रॅमने पासवर्ड घालून बंद करा आणि मूळ प्रती ‘डाउनलोड्स’ व रिसायकल बिनमधूनही काढा. नेमक्या याच राहून जातात.

काही लॅब पीडीएफला पासवर्ड घालतात, पण तो बहुधा तुमची जन्मतारीख किंवा मोबाइल नंबर असतो. घरात तो कोणाला माहीत नसतो?

एक गोष्ट मात्र कुलपात ठेवू नका. रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी आणि सध्याच्या गोळ्यांची नावं व मात्रा लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असू द्या. कोणती गोळी नावानेच आजार सांगत असेल, तर ती चिठ्ठीत कशी लिहायची हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. बेशुद्ध रुग्णाला आम्ही पासवर्ड विचारू शकत नाही.